कॅम्पर व्हॅनला एअर सस्पेन्शन: आधी काटा, मग हवा

कॅम्परला एअर सस्पेन्शन बसवायचंय, कोणतं किट घेऊ, असं विचारत कुणी आलं की मी आधी वजनकाट्याची पावती मागते. बहुतेकांकडे ती नसते. गाडी मागून बसलीय, वळणावर झोल खातेय, स्पीडब्रेकरवर खालून ठोकतेय, एवढंच त्यांना माहीत असतं. ही लक्षणं खरी असतात, पण त्यावरून किट ठरवता येत नाही. मी स्वतः फियाट ड्युकाटोवर बांधलेली व्हॅन चालवते, दुसऱ्यांच्या व्हॅनना किट बसवूनही देते. त्या अनुभवावरून हे लिहितेय.

काट्यावर गाडी न्यायची ती प्रवासाला निघाल्यासारखी भरून. पाण्याची टाकी काठोकाठ, डिझेल भरलेलं, गॅसचे सिलिंडर जागेवर, सायकली रॅकवर, आणि सगळी माणसं आपापल्या सीटवर. रिकाम्या गाडीची पावती या कामासाठी निरुपयोगी. वजन तीनदा घ्या: पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. दारापाशी किंवा बॉनेटखाली जी पाटी असते तिच्याशी हे आकडे ताडून पाहा. युरोपात बांधलेल्या गाड्यांवर सहसा चार आकडे असतात: पहिला पूर्ण गाडीची कमाल मर्यादा, दुसरा ट्रेलरसकट, तिसरा पुढच्या ॲक्सलचा (म्हणजे पुढच्या दोन चाकांच्या आसाचा), चौथा मागच्या ॲक्सलचा. कॅम्परच्या बाबतीत घात होतो तो बहुतेक चौथ्या आकड्यापाशी. पूर्ण गाडी मर्यादेत असते आणि मागचा ॲक्सल मात्र ओलांडून गेलेला असतो.

असं का होतं ते हिशेबानेच कळतं. दोन इलेक्ट्रिक सायकली आणि रॅक मिळून समजा 70 किलो. रॅक मागच्या ॲक्सलच्या 1.3 मीटर मागे, आणि दोन ॲक्सलमधलं अंतर साधारण 4 मीटर. 70 ला 1.3 ने गुणून 4 ने भागलं की जवळजवळ 23 येतात. म्हणजे मागच्या ॲक्सलवर 70 नाही, 93 किलो चढले, आणि पुढच्या ॲक्सलवरून 23 किलो उतरले. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग तरंगल्यासारखं लागतं. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर ओल्या चढावर चाकं फिरायला लागतात. पुष्कळ जण याला सस्पेन्शनचा दोष समजतात. पाण्याची टाकी मागच्या टोकाला असेल तरी हाच हिशेब. पाणी लिटरला किलो, आणि शंभर लिटरची टाकी कॅम्परमध्ये काही मोठी म्हणत नाहीत.

आता मुख्य गोष्ट. एअर सस्पेन्शन बसवल्याने गाडीची वजन वाहण्याची अधिकृत क्षमता वाढत नाही. ॲक्सल आणि चॅसी (गाडीचा सांगाडा) यांच्या मध्ये बसवलेल्या रबरी फुग्यात हवा भरली की गाडी वर उचलली जाते, सरळ दिसते, आणि सगळं ठीक झालं असं वाटतं. पण ॲक्सलची नळी, बेअरिंग, रिम, टायर, ब्रेक या सगळ्यांवर पूर्वीइतकंच वजन आहे. दबलेली गाडी निदान डोळ्यांना खुपत तरी होती. काही पूर्ण एअर किटसोबत (ज्यात मूळ स्प्रिंग काढून फक्त फुगे ठेवतात) उत्पादक क्षमता वाढवण्याची अधिकृत कागदपत्रं देतात, आणि तिथेही टायर आणि रिम त्या वजनाला साजेसे असावे लागतात. तशी कागदपत्रं हातात नसतील तर पाटीवरचा आकडा हाच शेवटचा. काट्यावर मागचा ॲक्सल जास्त आला असेल तर सामान उतरवा किंवा पुढे हलवा. किटचा विचार नंतर.

वजन मर्यादेत आहे, तरी गाडी ठोकते. मग गाडीखाली टॉर्च घेऊन जा. ॲक्सल आणि चॅसीच्या मध्ये रबराचा किंवा फोमचा बंप स्टॉप दिसेल, गाडी फार दबली की ॲक्सल त्यावर टेकतो. काही व्हॅनमध्ये तो मुद्दाम लांब आणि मऊ ठेवलेला असतो, भार वाढला की तो मदतनीस स्प्रिंगसारखं काम करतो. बंप स्टॉपच्या टोकावर ग्रीसचा एक जाड गोळा लावा आणि भरलेली गाडी नेहमीच्या रस्त्यावरून फिरवून आणा. परत येऊन पाहिलं की सगळं कळतं. गोळा जसाच्या तसा असेल तर पाटे (मागची पट्ट्यांची मूळ स्प्रिंग) पुरेसे आहेत आणि आवाज दुसरीकडून येतोय. एखादा ठसा उमटला असेल तर मोठ्या खड्ड्यात एकदा टेकलं, ते चालतं. ग्रीस सपाट होऊन कडेने पसरलं असेल तर तुमची गाडी सदैव बंप स्टॉपवर बसून चालतेय, पाट्यांना हलायला जागाच उरलेली नाही. एअरचा खरा फायदा अशाच गाडीला होतो.

हे समजून घ्यायलाच हवं, कारण फुगे बसवले की गाडी मऊ होते अशी पुष्कळांची समजूत असते. मदतनीस फुगा पाट्यांच्या जोडीला बसतो. पाट्यांचा कडकपणा तसाच राहतो आणि फुग्याचा त्यात मिळतो, म्हणजे एकूण सस्पेन्शन कडक होतं. तरीही चालवताना मऊ लागतं, ते गाडी बंप स्टॉपवरून उठली म्हणून. गाडी मुळात बंप स्टॉपवर टेकतच नसेल तर फुगे लावून ती फक्त कडक होईल.

पैसे खर्च करण्याआधी आणखी दोन गोष्टी तपासा. टायरमधली हवा: कॅम्परसाठी 'सीपी' खुणेचे टायर असतात, त्यांत मागच्या बाजूला 5.5 बारपर्यंत हवा सांगितलेली असते. कुणी ती साध्या व्हॅनइतकी ठेवली तर टायरच्या भिंती वाकतात आणि गाडी डोलते. कुणी अर्ध्या भरलेल्या हलक्या गाडीत पूर्ण 5.5 मारली तर प्रत्येक खाच हाडात जाते. टायर बनवणाऱ्याच्या तक्त्यात ॲक्सलच्या वजनावरून हवा बघायची असते, आणि पावती तर आता तुमच्याकडे आहेच. दुसरे शॉकअप. हवेचा फुगा भार पेलतो, उसळी थांबवत नाही. शॉकअपला तेल पाझरलेलं असेल, स्पीडब्रेकरनंतर गाडी दोन-तीनदा वरखाली होत असेल, तर आधी शॉकअप बदला. थकलेल्या शॉकअपवर फुगे लावले तर उसळी वाढते.

तुमच्या कॅम्परचं वजन वर्षभर जवळपास सारखंच राहत असेल, जड फर्निचर कायमचं बसवलेलं असेल आणि भरलेल्या-रिकाम्यात फारसा फरक नसेल, तर एक जादा पाटा घालून घेणं हा साधा, टिकाऊ उपाय आहे. त्यात गळती नाही, नळ्या नाहीत. हवेचं खरं बळ बदलत्या भारात आहे. आज दोघं जण, उद्या मुलं, सायकली आणि भरलेली टाकी, परवा रिकामी गाडी सर्व्हिसिंगला: अशांना हवा हवी. बस आणि ट्रकवाल्यांनी हवा स्वीकारली ती याच कारणाने, रिकामी बस आणि खच्चून भरलेली बस यांत टनांचा फरक असतो. मोटारींच्या बाबतीत हवेचा पहिला अनुभव कडू होता. 1957 च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रॉममध्ये एअर सस्पेन्शन होतं, पण त्यातून हवा गळायची आणि कित्येक मालकांनी ते काढून साध्या स्प्रिंग बसवल्या. तेव्हापासून रबर, नळ्या, जोड सगळं सुधारलं. तरी आजही एअर सस्पेन्शनचं दुखणं म्हटलं की पहिलं नाव गळतीचंच येतं, म्हणून पुढे तिचा विषय पुन्हा पुन्हा येईल.

बाजारात दोन घराणी आहेत. एक मदतनीस, ज्याला सेमी-एअर म्हणतात: मूळ पाटे राहतात, बंप स्टॉप काढून त्या जागी किंवा जवळपास दोन फुगे बसतात. अमेरिकेतली एअर लिफ्ट ही 1949 पासूनची कंपनी, फायरस्टोनचं राइड-राइट, नेदरलँड्सची व्हीबी, जर्मनीची गोल्डश्मिट अशी नावं तुमच्या कानावर येतील. दुसरं पूर्ण एअर: पाटेच काढून टाकतात आणि गाडीचा सगळा भार फुग्यांवर येतो. पाटे फक्त भार पेलत नाहीत, ॲक्सलला जागेवर धरूनही ठेवतात. पाटे गेले की ते काम करायला आडवे-उभे दांडे लावावे लागतात. शिवाय कॉम्प्रेसर, उंची मोजणारे सेन्सर, व्हॉल्व्ह आणि हे सगळं चालवणारा कंट्रोलर लागतो. चालवताना त्याची सर सेमी-एअरला येत नाही, हे मोकळेपणाने सांगते. भार वाढला तशी हवा वाढते आणि उंची तीच राहते, म्हणून रिकामी गाडीही मऊ आणि भरलेलीही मऊ. ज्यांची गाडी वर्षातले बरेच महिने रस्त्यावर असते, किंवा झोपून प्रवास करणारं आजारी माणूस सोबत असतं, त्यांनी पूर्ण एअर जरूर घ्यावं. बाकीच्यांना मी सेमी-एअरच सुचवते. मोठं कारण हे, की फुगा वाटेत फुटला तरी पाटे खाली असतात. गाडी बसते, ठोकते, पण हळूहळू चालवत गॅरेजपर्यंत नेता येते.

सेमी-एअर निवडताना किट तुमच्याच गाडीच्या मॉडेलचं, वर्षाचं आणि ॲक्सलचं आहे ना हे पाहा. ड्युकाटोच्या मागे पाटे असतात, पण त्याच ड्युकाटोचा पुढचा भाग घेऊन आल्को या कंपनीच्या चॅसीवर बांधलेल्या कॅम्परमध्ये मागे टॉर्शन बार (पिळले जाऊन स्प्रिंगचं काम करणारे दांडे) असतात. बाहेरून दोन्ही गाड्या एकच वाटतात, किट मात्र पूर्ण वेगळं. 'सगळ्या व्हॅनना चालतं' असं लिहिलेला ब्रॅकेट घेऊ नका.

डाव्या आणि उजव्या फुग्याच्या नळ्या वेगळ्या असल्या पाहिजेत, यावर मी अडून बसते. दोन्ही फुगे एकाच नळीने टी-जोड देऊन जोडले तर वळणावर बाहेरच्या बाजूचा दाबलेला फुगा आपली हवा आतल्या फुग्यात ढकलतो. जिथे आधार हवा तिथली हवा जाते आणि गाडी आणखी कलते. वेगळ्या नळ्यांचा दुसरा फायदा कॅम्परवाल्यांनाच कळेल: गाडीच्या एका बाजूला फ्रिज, टाकी, गॅस आणि दुसऱ्या बाजूला नुसता सोफा असतो. जड बाजूला थोडी जास्त हवा भरून गाडी सरळ करता येते.

कॉम्प्रेसर घ्यावा का? माझा सल्ला, पहिलं वर्ष घेऊ नका. टायरला असतो तसाच हवा भरायचा व्हॉल्व्ह प्रत्येक फुग्याला वेगळा येतो. तो मागच्या बंपरजवळ लावा आणि टायरच्या पंपाने हवा भरा. डॅशबोर्डवर कॉम्प्रेसरचं बटण असलं की हवा कमी झाली की दाबलं, असं होतं, आणि गळती महिनोन्महिने झाकली जाते. हाताने भरताना आठवड्याला किती हवा जातेय ते आपोआप लक्षात राहतं. वर्षभरात सिस्टीम हवाबंद आहे याची खात्री पटली आणि तुमचा भार खरोखर रोज बदलत असेल, तर 12 व्होल्टचा कॉम्प्रेसर जोडा. त्याला बॅटरीजवळ फ्यूज, रिले आणि दोन्ही बाजूंना वेगळे गेज हवेतच. बंपरजवळच्या व्हॉल्व्हला हातातला गेज लावून तपासत असाल तर एक ध्यानात ठेवा: फुग्यातली हवा टायरच्या मानाने फार थोडी असते, म्हणून दर तपासणीत दाब जरा उतरतो. रोज गेज लावून 'गळतंय' म्हणू नका.

फिटिंग गॅरेजमध्ये करून घेतलंत तरी पुढच्या गोष्टी स्वतः बघून घ्या. नळी धारदार पात्याने काटकोनात कापलेली हवी. पक्कडीने चिरडून कापलेली नळी लंबगोल होते आणि दाबून बसणाऱ्या जोडात तिची एक कड रबरी रिंगेवर नीट टेकत नाही. हवा भरल्यावर प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी ब्रशने लावा आणि थांबा. मोठी गळती लगेच बुडबुडे काढते, ती सोपी. छोटी गळती जोडाच्या कडेने पांढऱ्या फेसाची बारीक कड तयार करते, मोहरीएवढीसुद्धा नाही, आणि ती दिसायला मिनिटभर लागतं. हीच गळती गाडी दोन आठवड्यांत बसवते. फेस दिसला तर त्या बाजूची हवा सोडा, नळी काढा, टोकाचा नखाएवढा तुकडा नव्याने सरळ कापा आणि पुन्हा पूर्ण आत दाबा. बहुतेक वेळा एवढ्यानेच भागतं.

नळी सायलेन्सरच्या पाइपपासून लांब न्यायची. जिथे जवळून जाणं टळत नाही तिथे उष्णता अडवणारा पत्रा हवा. फुगा पूर्ण फुगल्यावर त्याच्या भोवती बोट सहज फिरलं पाहिजे, ब्रेकचा पाइप, हँडब्रेकची केबल, यू-बोल्टचं टोक काहीही त्याला शिवता कामा नये. महिनाभराने पुन्हा खाली वाकून पाहा. रबरावर कुठे चकचकीत, गुळगुळीत पट्टा दिसला तर तिथे काहीतरी घासतंय.

ब्रेकचं मात्र कुणावर सोपवून निर्धास्त होऊ नका. जुन्या व्हॅनमध्ये मागच्या ॲक्सलला एक काडी किंवा स्प्रिंग जोडलेली असते, ती ब्रेकच्या व्हॉल्व्हला जाते. गाडी किती दबलीय त्यावरून तो व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला किती जोर द्यायचा ते ठरवतो. फुग्यांनी गाडी उचलली की व्हॉल्व्हच्या लेखी गाडी रिकामी झाली, आणि तो भरलेल्या गाडीचे मागचे ब्रेक कमी लावतो. अशी काडी तुमच्या गाडीला असेल तर उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे ती नव्याने जुळवून घ्या आणि ब्रेक टेस्टरवर तपासा, त्याआधी प्रवासाला निघू नका. हेडलाइटची उंचीही पुन्हा लावून घ्या. काचेमागे कॅमेरा असलेल्या नव्या गाड्यांत तो पुन्हा जुळवावा लागतो का तेही विचारा.

आता दाब किती ठेवायचा. किटसोबतच्या कागदावर किमान आणि कमाल आकडे असतात. पुष्कळ मदतनीस फुग्यांसाठी ते 5 पीएसआय आणि 100 पीएसआय, म्हणजे साधारण 0.35 आणि 7 बार असे असतात. तुमच्या किटचे वेगळे असतील तर तेच पाळा. मधला कोणता आकडा तुमचा, ते टेप लावून ठरतं. सपाट जागी रिकामी गाडी उभी करा, चाकाच्या मध्यबिंदूपासून थेट वर चाकाच्या कमानीच्या कडेपर्यंत मोजा. जमिनीपासून मोजू नका, टायरमधल्या हवेने तो आकडा बदलतो. चारही चाकांचं लिहून ठेवा. मग गाडी प्रवासासाठी भरा, फुगे किमान दाबावर ठेवा, पुन्हा मोजा. मागे समजा 6 सेंटिमीटर दबली, तर ते सगळेच्या सगळे भरून काढायचा हट्ट नको. मी साधारण निम्मी ते दोन तृतीयांश दब भरून काढते, म्हणजे 3 ते 4 सेंटिमीटर. थोडी हवा भरायची, गाडी थोडी पुढेमागे घेऊन सस्पेन्शन मोकळं करायचं, मग मोजायचं. मग रस्त्यावर. कपाटातली भांडी खडखडायला लागली, छोट्या खाचांवर मागचा भाग टणटण उडू लागला तर हवा जास्त आहे. वळणावर कलते, खड्ड्यात ठोकते तर कमी. 0.3 बारच्या टप्प्याने बदल करा. भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचे दोन आकडे सापडले की ते हवा भरायच्या व्हॉल्व्हजवळ चिकटवून टाका.

थंडीत दाब उतरतो, त्याला गळती समजू नका. 30 अंशांना गेजवर 3 बार असतील तर वातावरणाचा दाब धरून खरे 4 बार झाले. तापमान शून्यावर आलं की ते साधारण दहा टक्क्यांनी घटून 3.6 होतात, गेजवर 2.6 दिसतात. डोंगरात वर जाताना थंडीच्या पहाटे गाडी किंचित बसलेली दिसली तर आधी हा हिशेब करा. दोन्ही बाजू सारख्या उतरल्या असतील तर थंडीच. एकच बाजू उतरली असेल तर साबणाचं पाणी काढा.

मुक्कामाच्या जागी गाडी सरळ करायला फुग्यांचा उपयोग होतो, पण थोडाच. मागचे दोन फुगे गाडीचं मागचं टोक काही सेंटिमीटर हलवतील. उतार मोठा असेल तर चाकाखाली लाकडी किंवा प्लास्टिकचे रॅम्प लागणारच. गॅसवर चालणाऱ्या ॲब्सॉर्प्शन फ्रिजला गाडी जवळपास सपाट लागते, त्यासाठी ही शेवटची बारीक दुरुस्ती फुग्यांनी छान होते. मागे नळ असलेली सांडपाण्याची टाकी पूर्ण रिकामी करायला मागची हवा उतरवून पुढचा भाग उंच करता येतो. फक्त निघण्याआधी हवा परत भरा. बंप स्टॉप काढून बसवलेला फुगा रिकामा ठेवून गाडी चालवली तर रबर दोन पत्र्यांत चिमटून फाटतं.

चाक बदलताना गाडी शक्यतो ॲक्सलखाली जॅक लावून उचला. चॅसीखाली लावली तर ॲक्सल खाली लोंबतो आणि फुगा ताणला जातो, म्हणून आधी त्याची हवा उतरवा. पूर्ण एअरच्या गाडीला जॅकसाठी वेगळी स्थिती असते, ती लावल्याशिवाय चाक उचलू नका, नाहीतर कंट्रोलर मधेच हवा सोडायला किंवा भरायला लागतो. आणि नुसत्या हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही. स्टँड लावा, मगच.

गाडी काही महिने उभी राहणार असेल तर फुग्यात थोडी हवा राहू द्या, आणि मधे एकदा बघून भरा. रिकामा रबर एकाच घडीवर दुमडून राहिला की तिथेच चिरतो. कॉम्प्रेसरला टाकी असेल तर तिच्या तळाचा नळ उघडून साचलेलं पाणी काढा, थंडीच्या आधी तर नक्कीच, कारण नळीत ते गोठतं आणि व्हॉल्व्ह अडकतो. वर्षातून एकदा फुगे साध्या पाण्याने धुवा, घड्यांमध्ये अडकलेले खडे आणि मीठ-चिखल काढा, डिझेल किंवा ग्रीस रबराला लागू देऊ नका. वरच्या थरात बारीक भेगा दिसल्या तर नजर ठेवा. भेगेतून आतले धागे दिसायला लागले तर फुगा बदला, आणि बदलताना दोन्ही बाजूंचे एकदम बदला.